घरगुती पाळणाघर एकटीने चालवतेय, मी आजारी पडले तर मुलं कोणाकडे द्यायची? बाकीच्या ताई कसं जमवता?

डोंबिवलीची_मावशी
नमस्कार सगळ्यांना. डोंबिवली पूर्वेला राहत्या घरी पाळणाघर चालवते. सध्या 9 मुलं आहेत, सगळ्यात लहान 14 महिन्यांचं आणि दोघी मोठ्या आहेत त्या सीनिअर केजी सुटलं की दुपारी येतात. मदतीला एक ताई असतात, 9 ते 5. बहुतेक आया लोकलने मुंबईला जाणाऱ्या त्यामुळे पहिलं मूल सकाळी 7 ला दारात आणि शेवटचं जायला रात्रीचे 8, आणि पावसात गाड्या अडकल्या की मग विचारूच नका, मुलं माझ्याकडेच वरणभात खाऊन झोपून जातात.

कामाचा कंटाळा नाही, मुलांवर जीव आहे. पण मला रजाच नाही हो. मध्ये ताप आला म्हणून दोन दिवस बंद ठेवलं तर एका आईचा पगार कापला गेला, एकीने सासूबाईंना गावाहून बोलवून घेतलं आणि एकीने मूल काढूनच दुसरीकडे घातलं. तिचंही चूक नाही, तिला कामावर जायचंच होतं. त्यात सोसायटीच्या कमिटीने पत्र दिलंय की फ्लॅटमध्ये व्यवसाय चालतो, मुलांचा आवाज होतो.

सरकारी योजनेचीही चौकशी केली. मिशन शक्तीखाली 2022 पासून जी पालना योजना आहे तिच्यात पाळणाघर महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास असं गणित आहे. आमच्याकडच्या आयांचे प्रवासातच तीन तास जातात, तिथे साडेसात तास कुठे पुरायचे? आणि माझ्यासारख्या घरी चालवणाऱ्या बाईला त्यात कुठे बसवायचं तेही कोणी नीट सांगेना.

तर तुमच्यापैकी कोणी चालवत असाल किंवा मुलं ठेवत असाल तर सांगा, आजूबाजूच्या लोकांची मदत कशी उभी करायची? पैशांची मदत मागत नाहीये, माणसांची म्हणतेय.

कोथरूडची_काकू
मावशी, आधी नीट बऱ्या व्हा. आम्ही पुण्यात चार पाळणाघरवाल्या बायका मिळून एक पद्धत चालवतो ती सांगते, लांबलचक होईल पण पूर्ण वाचा.

चौघींची घरं चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहेत. ठरलंय असं की एकीचं बंद असेल तर तिची मुलं बाकीच्या तिघींकडे वाटून जाणार, एकीकडे जास्तीत जास्त दोन किंवा तीन. त्यासाठी प्रत्येकीने आपल्याकडे तेवढी जागा कायम मोकळी ठेवायची, म्हणजे दारात गिऱ्हाईक आलं तरी तेवढ्या जागा भरायच्या नाहीत, हे सगळ्यात जड जातं पण त्याच्यावरच सगळं उभं आहे. पैशाचं भिशीसारखं, वहीत लिहायचं कोणाचं मूल किती दिवस कोणाकडे होतं आणि महिनाअखेरीला आपसात हिशोब. पालकांकडून वेगळं काही मागायचं नाही.

आता खरी मेख. मूल अनोळखी घरी एकदम नेऊन सोडलं तर रडून रडून हैराण होतं, जेवत नाही, झोपत नाही, आणि ती बाईसुद्धा दुसऱ्यांदा हो म्हणत नाही. म्हणून आम्ही महिन्यातला एक शनिवार मुलांची फिरती ठेवतो. माझी मुलं तिच्याकडे तासभर खेळायला, तिची माझ्याकडे. तिथलं बाथरूम कुठे, पाण्याचं पिंप कुठे, कुठल्या काकूंना हाक मारायची हे त्यांना ओळखीचं होतं. सव्वा वर्षाचं पोरगंसुद्धा तिसऱ्या खेपेला स्वतः चप्पल काढून आत पळतं.

आणि प्रत्येक मुलाचा एक कागद, दोन प्रती. नाव, आईबाबांचे फोन, तिसरा एक फोन जो नक्की उचलला जाईल, काय खाल्लं तर अंगावर उठतं, कुठलं औषध चालू आहे, झोपताना काय लागतं (आमच्याकडे एकाला आईची जुनी ओढणी लागते, ती नसेल तर दुपार गेली), आणि न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांचे फोटो. फोटोत नसलेला माणूस आला तर सख्खा काका असला तरी मूल द्यायचं नाही, आधी आईला फोन.

घशात काही अडकलं तर काय करायचं हे चौघीही शिकलोय, रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सवाले प्रथमोपचाराचं शिकवतात. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घेऊन डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापट्या आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब, हे वाचून येत नाही, बाहुलीवर करूनच हात बसतो. एकदोघी पालकही आल्या होत्या शिकायला.

ठाण्याचा_बाबा
मी पालक म्हणून लिहितोय. आमची मुलगी दीड वर्षाची असल्यापासून अशाच एका काकूंकडे आहे आणि आम्ही दोघं नोकरी करू शकतोय ते केवळ त्यांच्यामुळे. मला वाटतं पहिली मदत पालकांकडून यायला पाहिजे. आम्ही सहा घरांनी बसून ठरवलं की फी 5 तारखेच्या आत, आम्ही दिवाळीत गावी गेलो तरी त्या महिन्याची पूर्ण फी, आणि काकूंना वर्षाला 12 दिवस भरपगारी रजा, फक्त शक्य तेव्हा आठवडाभर आधी सांगायचं. त्या दिवसांत आम्ही पालक आळीपाळीने सुट्टी टाकतो किंवा घरून काम करतो, एका दिवशी एका घरी सगळी मुलं. आपल्याला ऑफिसात रजा मिळते ती हक्काची आणि आपल्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईने रजा घेतली तर ती गैरसोय, असं कसं चालेल?

अजून एक. 2017 ला मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा झाली तेव्हापासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. मावशी, तुमच्याकडच्या आयांना सांगा एचआरला लेखी विचारायला. ऑफिसातल्या पाळणाघरात लोकलच्या गर्दीतून मूल नेणं कोणाला जमणार नाही ते मलाही कळतं, पण त्याऐवजी घराजवळच्या पाळणाघराची फी कंपनी देईल का एवढं विचारायला काय हरकत आहे?

वसईकर_आई
बाबा, तुमचं पटतं, पण सगळ्यांना ते परवडत नाही हो. आमच्याकडे धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायकांची मुलं येतात, त्यांचा एक खाडा झाला की तेवढे पैसे गेले, त्या भरपगारी रजा कुठून देणार आणि आळीपाळीने घरी कोण बसणार? अशा ठिकाणी काकूंनी सांगितलेली चौघींची पद्धतच खरी. आमच्या वस्तीत महिला बचत गटाने पाळणाघरवाल्या ताईंसाठी थोडे पैसे बाजूला ठेवलेत, त्या आजारी पडल्या की त्यातून बदलीच्या बाईला रोज मिळतो.

निवृत्त_बालवाडीताई
मी पालघर जिल्ह्यात बालवाडीवर होते. आपल्याकडे हे काम नवं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, बरोबर अनुताई वाघ, आणि 1957 ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आदिवासी पाड्यांवरच्या मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत बघितलं तर त्यांच्या कडेवर धाकटं भावंड. मग शाळेला जोडूनच पाळणाघर आणि बालवाडी काढली, धाकटं तिथे ठेव आणि तू वर्गात बस. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पोरं येत नाहीत म्हणून रागावत बसल्या नाहीत.

मावशी, तुमच्या त्या दोन सीनिअर केजीवाल्या दुपारी येतात ना, त्यांना लहानांना गोष्ट सांगायला बसवा. खेळणी विकत आणायची गरज नाही. चिंचोके, शंख-शिंपले, सागरगोटे, पानं, रिकाम्या काड्यापेट्या, यांनी मोजणंही होतं आणि रांगोळीसारख्या आकृत्याही. मात्र तीन वर्षांखालची मुलं असतील तेव्हा चिंचोके आणि बारीक बिया वर ठेवा, ते थेट तोंडात जातं. सोसायटीतल्या आजीआजोबांना आठवड्यातून एक तास बडबडगीतं म्हणायला बोलवा. ज्या आजीने मुलांना मांडीवर घेतलं ती मग आवाजाची तक्रार करत नाही, हे मी खूप वर्षं बघितलंय.

नाशिकचा_सेक्रेटरी
कमिटीच्या बाजूने सांगतो. पत्राला तोंडी उत्तर देऊ नका, लेखी द्या. मुलं किती, वेळ काय, दुपारी 1 ते 4 मुलं झोपलेली असतात म्हणजे आवाज नाही, सोडायला येणाऱ्या गाड्या गेटबाहेर थांबतील, लिफ्टमध्ये मूल एकटं जाणार नाही, हे सगळं त्यात घाला. खिडक्यांना जाळी आणि घरात आग विझवायचा सिलिंडर आहे ते दाखवा. गुमास्ता परवान्याचं म्हणाल तर तुमच्यासारखे मोजकेच कामगार असतील तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती जोडा. आणि 2018 साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ऑफिसांमधल्या पाळणाघरांसाठी किमान निकष काढलेत, त्यात तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक प्रशिक्षित बाई आणि शिवाय मदतनीस असं आहे. ते घरच्या पाळणाघरासाठी लिहिलेले नाहीत, पण तुमच्याकडे 9 मुलांना दोघी आहात हे कमिटीला आकड्यात दाखवता येईल. आमच्या इमारतीत अशी बैठक झाली तेव्हा ज्यांची नातवंडं तिथे जातात ते चार सभासद स्वतः उठून बोलले. तुमच्याकडच्या पालकांनाही बैठकीला आणा, तुम्ही एकट्या जाऊ नका.

डोंबिवलीची_मावशी
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. आमच्या रस्त्यावर अजून दोघी पाळणाघर चालवतात, आजवर एकमेकींकडे मूल जाईल या भीतीने आम्ही धड बोललोच नाही. रविवारी दोघींना चहाला बोलावलंय. कमिटीच्या पत्राचं उत्तर एक बाबा लिहून देणार आहेत, ते वकिलाकडे काम करतात.
काकू, तुमच्या त्या कागदाचा नमुना टाकाल का इथे? आणि एका मुलाला फिट येतात, त्याला दुसरीकडे पाठवावं का?

कोथरूडची_काकू
नमुना रात्री टाकते. फिटवाल्या बाळाचं वेगळं करा, त्याला तिघींत वाटू नका, एकच घर ठरवा आणि त्या बाईला बाळाच्या आईसोबत डॉक्टरांकडे एकदा जाऊ द्या, औषध कधी द्यायचं, कसं द्यायचं ते तिने डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं पाहिजे. तोपर्यंत तुमचं बंद असेल त्या दिवशी ते बाळ आईकडेच राहू दे, आणि हे आईला आजच सांगून ठेवा म्हणजे तिला रजेचं बघता येईल.