पिकअपच्या बेडमध्ये (मागच्या हौद्यात) गूजनेकचा बॉल आधीच आहे, फिफ्थ व्हील कॅम्पर त्यालाच जोडू का?

रानवाट
नमस्कार मंडळी. पाऊण टनी वर्गातला पिकअप वापरलेला घेतला आहे. आधीचा मालक घोड्यांचा ट्रेलर ओढायचा, त्यामुळे बेडच्या मधोमध २ ५/१६ इंची गूजनेक बॉल (ट्रेलरची मान वरून टेकवायचा पोलादी गोळा) बसवलेलाच आहे. आता आम्ही दोघांनी ३२ फुटी फिफ्थ व्हील कॅम्पर (बेडमध्ये जोडून ओढायचं चाकांवरचं घर) पक्का केला आहे. पाटीवर कमाल वजन १२,५०० पाउंड, कोरडं वजन १०,१००, आणि माहितीपत्रकात पिनेवरचं (किंगपिन, म्हणजे कॅम्परच्या नाकाखालची जोडणीची खुंटी) वजन १,८५० लिहिलं आहे. ट्रकच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर पेलोड (ट्रकवर लादता येणारं वजन) २,७५० सांगतं. बेड साडेसहा फुटी.

विक्रेता म्हणतो, किंगपिनला गूजनेक ॲडॅप्टर लावा, तो बॉलवर टेका, काम झालं. बेडही मोकळा राहील. ऐकायला फार सोपं वाटतंय, म्हणूनच विचारतो. हे करावं का? बेड आखूड आहे म्हणून सरकणारी हिच (बेडमधला जोडणीचा सांगाडा) लागेल का? आणि हे घरी बसवता येतं का?

जुना पाना
रानवाट, हिचचं नंतर बघू, आधी आकडे मांडा.

१,८५० विसरा. तो कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या कॅम्परचा आकडा. बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, पाणी, भांडी, अंथरूण-पांघरूण त्यात काहीच नाही. शिवाय फिफ्थ व्हीलचा सामान ठेवायचा मोठा कप्पा पुढच्या बाजूला असतो, म्हणजे भरलेलं बरंचसं वजन थेट पिनेवर येतं. एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के पिनेवर येतात. मी हिशेबाला नेहमी २० धरतो. १२,५०० चे २० टक्के म्हणजे २,५००. त्यात हिचचे १५० मिळवा. २,७५० मधून उरले १०० पाउंड, आणि तुम्ही दोघं अजून गाडीत बसलाच नाहीत.

म्हणून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा. एकदा नुसता ट्रक, टाकी भरून, दोघं बसून, नेहमीचं सामान टाकून. मग कॅम्पर जोडून, भरलेला. ट्रकच्या दोन्ही एक्सलांवर दुसऱ्यांदा जेवढं वाढलं तेवढं पिनेवरचं खरं वजन (हिच मध्येच चढवली असेल तर तेवढी वजा करा). पुढचा एक्सल, मागचा एक्सल, ट्रेलरचे एक्सल असे तीन वेगळे आकडे पावतीवर मिळतात. ती पावती जपून ठेवा.

आता ॲडॅप्टर. माझं मत स्पष्ट आहे: लावू नका.

किंगपिन हिचच्या जबड्यात धरलेली असते तेव्हा ट्रकचा ओढा आणि धक्का पिन बॉक्सच्या (पिन जिला बसवलेली असते त्या पेटीच्या) अगदी खाली लागतो. ॲडॅप्टर लावला की तोच धक्का साधारण फूटभर खाली, बॉलवर लागतो. तरफेचा साधा नियम आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर ट्रेलर ३,००० पाउंडांनी पुढे रेटत असेल, तर त्या एका फुटामुळे पिन बॉक्सच्या मुळाशी ३,००० फूट-पाउंडांचा जादा पीळ पडतो. प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक खड्ड्याला. गुरांच्या किंवा अवजारांच्या गूजनेक ट्रेलरची मान त्यासाठीच जाड पोलादाची आणि खोल बांधलेली असते. कॅम्परची चौकट पातळ नळ्यांची, पिनेच्या उंचीवर जोर येणार हे धरून केलेली.

हे पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या पहिल्या कॅम्परला मी दोन उन्हाळे ॲडॅप्टरवर ओढलं. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात पुढच्या नाकाच्या कोपऱ्यात फायबरला सुरकुती दिसली, हातभर लांब, तिरकी. सूर्य कलला की सावलीत उठून दिसायची, दुपारी काहीच नाही. पाणी शिरलं असेल म्हणून पिन बॉक्सखालचं प्लास्टिकचं झाकण उघडलं. वेल्डच्या कडेने केसाएवढी रेघ गेली होती आणि तिच्यातून गंज ओघळून खाली आला होता. नखाने खरवडली तर नख अडकलं. ती चीर होती. चौकट बनवणाऱ्यांना फोटो पाठवले, त्यांनी ॲडॅप्टर पाहिला आणि हात वर केले. वॉरंटीच्या कागदात तसं लिहिलेलंच होतं, मी वाचलं नव्हतं. आठ वर्षं झाली, अजून डोळ्यांसमोर आहे ती रेघ.

सगळा पिन बॉक्सच बदलून गूजनेकचा, हवेच्या उशीचा बॉक्स बसवायचा प्रकारही मिळतो. त्यातले काही चौकट बनवणारे मान्य करतात. पण तुमच्या चौकटीला, तुमच्या मॉडेलला चालतो हे लेखी घ्या. फोनवरच्या 'हो'ला अर्थ नाही.

मग बॉलचं काय? तो वाया जात नाही. तुमचा बसवलेला साचा बी अँड डब्ल्यू कंपनीचा टर्नओव्हरबॉल असेल, तर बॉल काढून त्याच भोकात त्यांची कम्पॅनियन हिच खाली खेचून घट्ट बसते. जबडा पिनेच्या उंचीवर राहतो, बेडमध्ये रूळ लागत नाहीत, आणि हिच काढली की बेड सपाट. ती दोन भागांत उचलायची, तरी एकट्याने उचलू नका. दुसरी वाट अँडरसन कंपनीची ॲल्युमिनियमची अल्टिमेट हिच. पस्तीसेक पाउंडांची, एका हाताने उचलता येते. तिच्यातही बॉल असतो, पण तो बेडमध्ये वर उचललेला, आणि किंगपिनला फक्त एक ठोकळा बसतो, त्यामुळे तरफ लांबत नाही.

आखूड बेडबद्दल: बॉलच्या मध्यापासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंत फीत लावा. कॅम्पर १०२ इंच रुंद असेल तर अर्धा ५१ इंच. नाकाचे कोपरे पिनेच्या मागे असतील, तर काटकोनात वळताना ५१ हून जास्त जागा हवी. कोपरे पिनेच्या पुढे येत असतील तर आणखी. मोजलेलं कमी पडलं तर सरकणारी हिच, नाहीतर काच फुटणार. उंचीही बघा: बेडच्या कडेपासून कॅम्परच्या पोटापर्यंत किमान ५-६ इंच, आणि कॅम्पर सपाट. नाक वर राहिलं तर मागच्या टायरांवर जास्त भार येतो.

घरी बसवायचं म्हणाल तर तुमचा बॉल आधीचाच आहे. तरी खाली झोपून बघा. पट्ट्या चेसिसला बोल्टने धरलेल्या आहेत की कुणी वेल्ड मारून ठेवली आहे? ब्रेकची नळी घासत नाही ना? बॉलचा मध्य मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे हवा. मागे असेल तर सगळं काढून पुन्हा बसवा. टॉर्क रेंचने बोल्ट तपासा, आणि पहिल्या फेरीनंतर परत.

सुमन
पाना दादांनी सगळं सांगितलं आहे, मी जोडणीबद्दल दोन गोष्टी लिहिते, कारण आमच्याकडे जोडायचं काम माझं आहे.

जबड्याचं हँडल आत गेलं म्हणजे पिन धरली असं नाही. एकदा कॅम्पर बोटभर उंच राहिला होता. पिनेची खालची कड जबड्यात न शिरता जबड्याच्या वर टेकली, आणि वरून बघताना सगळं ठीक दिसलं. टॉर्च घेऊन मागून वाकून पाहिलं तेव्हा कॅम्परची पाटी आणि हिचची पाटी यांच्यामध्ये उजेड दिसत होता. दोन्ही पाट्या एकमेकींना चिकटलेल्या हव्यात. तेव्हापासून कॅम्परचे पुढचे पाय जमिनीवर टेकलेले असतानाच ट्रेलरचा ब्रेक दाबून ट्रक हलकेच पुढे ओढते. पिन सुटायची असेल तर तेव्हाच सुटू दे, पाय त्याला झेलतील. पाय वर घेऊन सुटली तर कॅम्पर थेट बेडच्या कडांवर येतो.

दुसरं, आपत्कालीन ब्रेकची तार हिचच्या हँडलला अडकवू नका. हिचच उखडून निघाली तर तार तिच्याबरोबर जाईल आणि ब्रेक लागणारच नाहीत. ट्रकच्या अंगाला अडकवा. गूजनेक कप्लर (बॉलवर टेकणारा सांधा) वापरणारच असाल तर साखळ्याही हव्यात.

रानवाट
दोघांचेही मनापासून आभार. काट्यावर जाऊन आलो.

ट्रक, टाकी भरलेली, आम्ही दोघं, अवजारांची पेटी: ७,६४०. दारावर कमाल १०,०००. मेहुण्याच्या एक टनी ट्रकला जोडून भरलेला कॅम्परही काट्यावर नेला, पिनेवर २,२९० आले. म्हणजे कम्पॅनियन धरली तर माझा ट्रक १०,०८० होतो. अवजारांची पेटी (८० पाउंड) काढून अँडरसन लावली तर ९,८८५. एवढ्यात भागवू का?

जुना पाना
उरलेले ११५ पाउंड म्हणजे पाण्याची दोन कॅन आणि दोन खुर्च्या. एखाद्या दिवशी कॅम्परची पाण्याची टाकी भरून निघालात की ओलांडलं. कागदावर बसतंय हे खरं, पण घाट उतरताना मला त्या ११५ वर विसंबायला आवडणार नाही. मागच्या एक्सलचा आकडा लिहिला नाहीत, तो सांगा.

रानवाट
नुसत्या ट्रकचा मागचा एक्सल ३,१८०, मर्यादा ६,२००. पिन आणि हिच धरून ५,५०० च्या आसपास.

जुना पाना
मग एक्सल आणि टायर झेपतात, एकूण वजन अडतंय. ट्रक बदलायची तयारी असेल तर एक टनी बघा, मागे एकेरी चाकांचाही चालेल. घेताना बेडमध्ये कारखान्यातूनच मधलं भोक आणि चार कोपऱ्यांना पक (हिच अडकवायच्या गोल खाचा) आहेत का ते विचारा. मग भोक पाडायला नको, हिच थेट पकमध्ये बसते.

रानवाट
बायकोशी बोललो. कॅम्पर ठरला आहे तो सोडायचा नाही, पण या ट्रकने ओढायचा नाही. या शनिवारी लांब बेडचा एक टनी बघायला जातोय. फीत आणि टॉर्च सोबत घेतली आहे.