वेठबिगारीचा फटका फक्त मजुरालाच बसतो का?

शंकेखोर:
ऑफिसात विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला, माणूस स्वतःच्या पायाने आला, उचल घेतली, मग त्याला गुलामी कसं म्हणायचं, आणि असलीच तरी त्याचं तो बघेल, समाजाचा काय संबंध? मला अजिबात पटलं नाही पण धड उत्तरही सुचेना. बाकीच्यांवर याचा नेमका काय परिणाम होतो, कोणी सांगेल का?

रानवाट:
स्वतःच्या पायाने आला हे खरं असतं बऱ्याचदा, प्रश्न हा की सोडून जाता येतं का. वही मुकादमाकडे, त्यात उचलीवर व्याज, खोलीचं भाडं, प्रवासखर्च सगळं चढत जातं, आजारी पडलात की खाडा, आणि शेवटी हिशेब केला की उलट तुमच्याकडेच बाकी निघते. साखळदंड लागतच नाही हो. २०१३ मध्ये बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली त्याच्या आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, कामगार आत जायला तयार नव्हते, तर पगार कापू म्हणून त्यांना धमकावलं गेलं. अकराशेच्या वर माणसं गेली. कामावर तेही स्वतःच्या पायानेच आले होते ना?

वेल्डरभाऊ:
माझा फॅब्रिकेशनचा छोटा धंदा आहे. मी पोरांना ओव्हरटाइम देतो, विमा भरतो, मग माझं कोटेशन महाग पडतं आणि काम जातं त्याला जो माणसं डांबून राबवतो. असं वर्षानुवर्षं चाललं की सरळ माणूस एकतर धंदा बंद करतो नाहीतर तसाच होतो, आणि मग त्या भागातली सगळ्यांचीच मजुरी खाली येते, कधीच उचल न घेतलेल्याचीसुद्धा. हे तुमच्या ऑफिसातल्या साहेबांना नक्की सांगा.

मीनल_के:
+१. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते, त्यात ३३ लाखांवर मुलं. २०२४ च्या त्यांच्या अहवालात यातून होणारा बेकायदा नफा वर्षाला २३६ अब्ज डॉलर धरलाय. हा पैसा मजुराच्या घरी गेला असता तर पोरं शाळेत असती, आता तीच पोरं बापाची उचल फेडायला उभी राहतात आणि पुढची पिढीही त्याच वहीत अडकते. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

शंकेखोर:
खूप आभार सगळ्यांचे. मग असा माल घेणंच बंद केलं तर?

रानवाट:
नुसतं बंद केलं तर आधी मजुराचंच काम जातं आणि थकलेला पगारही बुडतो. युरोपियन युनियनने सक्तीच्या मजुरीतून आलेल्या मालावर बंदीचा कायदा केलाय २०२४ मध्ये, डिसेंबर २०२७ पासून लागू होईल, चांगलंच आहे ते. पण माल अडवताना थकबाकी कोण देणार, जप्त केलेली कागदपत्रं परत कोण मिळवून देणार हे त्याच वेळी ठरलं पाहिजे, नाहीतर सुटलेला माणूस दोन महिन्यांत दुसऱ्या मुकादमाकडे उचल मागायला जातो.