जुन्या रोड सायकलला शिफ्टर आणि हँडल कोणते घ्यावेत?

प्रश्न: स्टीलची जुनी सायकल, मागे ६ गिअर, शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) डाउनट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर). कसारा घाटात हँडल न सोडता गिअर बदलायचेत. शिवाय ड्रॉप (खाली वळलेलं हँडल) काढून सरळ हँडल चालेल का?

उत्तर १: फ्रिक्शनवाले बार-एंड शिफ्टर (हँडलच्या टोकांत बसणारे) लावा. त्यांना प्रत्येक गिअरचे ठरलेले क्लिक नसतात, म्हणून ६ काय नि ७ काय, दोन्ही चालतात. डाउनट्यूबच्या बॉसवर (जुने शिफ्टर बसतात त्या खुंट्यांवर) केबल स्टॉप हवेतच, नाहीतर आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) टेकणार कुठे?

उत्तर २: सरळ हँडलची नळी २२.२ मिमी, ड्रॉपची २३.८, म्हणून ब्रेक लिव्हरही बदलावे लागतील, बार-एंडचा फायदाही जाईल. ड्रॉपच ठेवा, दादा.

उत्तर ३: नवीन ड्रॉप घेताना स्टेमचा (हँडल धरणाऱ्या भागाचा) क्लॅम्प व्हर्निअरने मोजा. २५.४ आणि २६.० मिमी दिसायला सारखेच; पण २५.४ चं हँडल २६ मध्ये कितीही आवळा, ब्रेक दाबताना फिरतं.