मदत हवी आहे: दव, लाल धुरळा आणि मोहोराचा चिकटा, थंडीत गाडी पुसू की नको?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ राहते, समुद्र घरापासून चालत पाच मिनिटं. गाडी 2018 ची, रंग काळा (घेताना सगळे नको म्हणत होते, ऐकलं नाही, आता भोगतेय). पावसात गाडीचे हाल होतात हे सगळ्यांनाच माहिती आहे, पण आमच्याकडे खरी वाट लागते ती थंडीत, आणि हे सांगितलं की लोक हसतात.

होतं काय, रोज शाळेसाठी हातखंब्याच्या पुढपर्यंत जाऊन यावं लागतं, चौपदरीकरणाच्या कृपेने सगळा लाल धुरळा, संध्याकाळी घरी येईपर्यंत गाडी काळी होती की विटकरी ते सांगावं लागतं. गाडी अंगणात असते, वर पत्रा नाही, शेजारी हापूसचं जुनं कलम. रात्री दव एवढं पडतं की सकाळी टपावरून पाणी ओघळत असतं आणि धुरळ्याचा नुसता चिखल. बाबा म्हणतात दव म्हणजे फुकटचं पाणी, फडकं घे नि पूस. दोन हिवाळे मी तेच केलं. परवा दुपारच्या उन्हात बोनेटकडे तिरकं बघितलं तर सगळीकडे बारीक गोल रेघोट्या, काथ्याने पातेलं घासावं तशा!

त्यात मोहोर आला की तुडतुडे आलेच, त्यांचा चिकटा काचेवर पडतो, वायपर मारला की काच साफ व्हायच्या ऐवजी दुधाळ होते, समोरून लाईट आला की काही म्हणजे काही दिसत नाही. कलमावर फवारणी झाली की पांढरे ठिपके ते वेगळेच. विहिरीचं पाणी मचूळ आहे, धुतलं की वाळल्यावर डाग. वॉशिंग सेंटरला दर आठवड्याला जाणं खिशाला परवडत नाही. कव्हर घ्यावं का? रोज पुसावं का नको? आणि दाराच्या खालच्या कडेला गंजाचा फोड आलाय त्याचं काय? कलम तोडा असं कृपया कोणी सांगू नका, ते आजीने लावलेलं आहे.

प्रतिसाद:
कलमाखाली गाडी लावलास तर दुसरा काय होतला 😀 आधी गाडी थयसून हलवा, मगे बाकीचा बोलूया.

प्रतिसाद:
ताई, आधी ते फडकं बंद करा. लाल माती म्हणजे जांभ्याची भुकटी, त्यात बारीक कण असतात, दवाने ती भिजते पण निघून जात नाही, वर फडकं फिरवलंत की पॉलिश पेपर झाला. आधी भरपूर पाणी ओतून माती खाली जाऊ द्या, मग कार शाम्पू (भांड्यांचा साबण नको, वॅक्स निघून जातं), दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि एकीत कापड खळबळायला साधं पाणी. कापड मायक्रोफायबरचं, आणि टपाकडून खाली या. रोज वेळ नसेल तर फक्त काचा, आरसे आणि लाईट धुवा, बाकी गाडी मळकी राहिली तर काही बिघडत नाही, मळकी गाडी ओरखडलेल्या गाडीपेक्षा बरी. मचूळ पाण्याने धुतलीत तरी शेवटची एक बादली नळाच्या गोड्या पाण्याची ओता आणि लगेच टिपून घ्या, उन्हात वाळू देऊ नका. कव्हर ओल्या किंवा धुळीच्या गाडीवर अजिबात नको, वाऱ्याने हलतं नि आतल्या आत घासतं, शिवाय ओल कोंडते.

प्रतिसाद:
वरच्यांना दुजोरा. गंजाचं सांगतो. दव स्वतः गोडंच असतं, पण दिवसभर खारे वारे जे मीठ आणून टाकतात ते त्यात विरघळतं, आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना तसं गाडीवरचं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, म्हणून सांदीत ओल सुकतच नाही. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात पाणी जायला, ती मातीने बुजलीत का बघा, काडीने मोकळी करा. मडगार्डच्या आतून आणि गाडीखालून पंधरा दिवसांनी पाइपने गोडं पाणी मारा. फोड घासून प्रायमर आणि टचअप आत्ताच करा, पावसापर्यंत थांबलात तर पत्र्याला भोक पडेल.
चिकट्यावर कोमट पाण्यात भिजवलेलं कापड दहा मिनिटं टाकून ठेवायचं, नखाने खरवडायचं नाही. वायपरचं रबरसुद्धा पुसा.
आणि हो, बोनेट उघडून काचेच्या खालची जाळी बघा, मोहोर तिथेच साठतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल रविवारी जाळी उघडली, ओंजळभर मोहोर, पानं, कुजून शेणासारखं झालेलं, खाली एक मेलेला मुंगळा. गेल्या जुलैत ड्रायव्हरच्या पायाशी पाणी का यायचं ते आत्ता कळलं, आणि मी गॅरेजवाल्याला दोनदा रबर बदलायला लावलं होतं 🤦 गाडी आता गडग्याच्या पलीकडे, फणसाखाली लावतेय. बाबा अजून सकाळी फडकं घेऊन उभे असतात, त्यांना आरसे दिलेत पुसायला. बोनेटवरच्या रेघोट्या रबिंग पॉलिशने जातील का, की त्याने रंगाचा थर अजून पातळ होईल? कोणी काळ्या गाडीवर करून बघितलंय?