लेक चौथीत, वाचन अडतंय. डिस्लेक्सिया असेल का? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले, माझा मच्छीचा धंदा. मुलगी नऊ वर्षांची. बंदरावर सोबत आली की लिलावात बांगड्याच्या टोपल्यांचा हिशोब तोंडी करून सांगते. पुस्तक उघडलं की मात्र गप्प.

दोन वर्षं आमच्या ध्यानातच आलं नाही, कारण धडे तिला पाठ असायचे. परवा मी धड्याच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हा कुठला? शब्द होता 'किनारा'. ती ओठांतल्या ओठांत पहिल्या ओळीपासून धडा म्हणत तिथवर यायला लागली, मध्येच चुकली आणि म्हणाली, 'होडी'. मग तोच शब्द कोऱ्या कागदावर लिहून दिला. बराच वेळ बघून म्हणाली, 'नारळ'.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. आई म्हणते, "ता आळशी आसा, दुसरा काय नाय." डोळे तपासले, नंबर नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, घरात मालवणी बोलता म्हणून असं होतं. अहो, धाकटा त्याच घरातला, दुसरीत आहे आणि घडाघडा वाचतो! मेव्हण्याचं म्हणणं, डिस्लेक्सियात अक्षरं उलटी दिसतात, हिला तशी दिसत नाहीत, म्हणजे नाहीच.

मुंबईत सायन हॉस्पिटलात यासाठी क्लिनिक आहे असं कळलं, पण हंगामात बोट सोडून जाणं कठीण. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, काही होईल का? दिव्यांगत्वाचा दाखला घेतला तर पोरीवर शिक्का बसेल का? आणि तिला पुन्हा चौथीतच बसवा असं सुचवलंय, ते करावं का?

प्रतिसाद

दादा, मी रत्नागिरीकडे विशेष शिक्षिका आहे. मेव्हण्यांना सांगा, अक्षरं उलटी लिहिणं लहानपणी बऱ्याच मुलांचं होतं, आणि डिस्लेक्सिया असूनही तसं न होणारी मुलं असतात. अडचण डोळ्यांत नसते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड बसत नाही. बुद्धीशी संबंध नाही, ते तुम्ही लिलावात बघताच आहात. मालवणीमुळेही होत नाही, बोली खुशाल बोला.

तरी इथे वाचून मी निदान करणार नाही. आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियाचा समावेश आहे. पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्या दाखल्यावरच. शिक्का तर 'आळशी' म्हणून आधीच बसलाय ना?

त्याच वर्गात बसवून उपयोग नाही, शिकवायची पद्धत बदलायला हवी. 'किनारा'तली वेलांटी क च्या आधी दिसते, बोलतो मात्र नंतर. अशा जागी मुलं अडखळतात. शब्द मोठ्याने तोडा, कि-ना-रा, आणि म्हणता म्हणता वाळूत बोटाने काढायला लावा. रोज पंधरा मिनिटं पुरे. यावर औषध नाही, कोणी विकायला आलं तर घेऊ नका.

एक विचारू? घरात आणखी कोणाला हा त्रास होता? बऱ्याचदा घराण्यात असतो.

धागाकर्ता

ताई, आभार. काल पुळणीवर बसून 'कि' काढली, चार वेळा पुसली, पाचव्यांदा जमली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मला होता. फळ्यावरचं उतरवता येईना म्हणून मार खाऊन सातवीत शाळा सोडली. आजही धंदा व्हॉइस मेसेजवरच चालतो. हा धागाही मी सांगतोय आणि बायको टाइप करतेय. माझं वय 41. या वयात तपासणी होते का?