प्रतिसाद : जातीइतकाच उन्हाचाही विचार हवा
अमली पदार्थ हुंगून शोधणाऱ्या पोलिसांच्या श्वानाला आधी त्या पदार्थाची सवय लावतात आणि हे काम केवळ जर्मन शेफर्ड जातीचाच श्वान करू शकतो, ही या चर्चेत मांडलेली दोन्ही विधाने मला मान्य नाहीत. पदार्थ त्याला कधीही चाखवला जात नाही. त्या वासाची सांगड आवडत्या चेंडूशी घातलेली असते, त्यामुळे त्याच्या लेखी तो चेंडूचाच शोध असतो. लॅब्रॅडॉर, बेल्जियन मॅलिनॉ आणि कॉकर स्पॅनियल हेही या कामात मुरलेले आहेत, आणि लहान चणीचा स्पॅनियल तर आसनांखाली सहज शिरतो.

उन्हाचा मुद्दा मात्र अजून कोणी मांडलेला नाही. कुत्रा अंग थंड ठेवण्यासाठी मुख्यतः धापा टाकतो, आणि धापा टाकत असताना त्याला नीट हुंगता येत नाही. गेल्या मे महिन्यात नाशिकरोड स्थानकावर एका पोलीस कर्मचाऱ्याने थोड्याच वेळात तपासणी थांबवून आपल्या लॅब्रॅडॉरला सावलीत नेले आणि पाणी पाजले. फलाटावरच्या काहींना तो आळस वाटला, मला मात्र ती त्या कामाची खरी जाण वाटली. पगसारख्या आखूड नाकाच्या जाती, ज्यांना उष्णता अधिकच बाधते, या कामाला सहसा घेत नाहीत, त्याचे एक कारण हेच आहे.