थंडीत करडईचे तेल अंगाला लावावे का?

वैदर्भी, महाल : डिसेंबर लागला की माझ्या नडग्यांवरची कातडी पांढरट पडून तिला बारीक भेगा जातात, आणि आंघोळीनंतर तासाभरातच खाज सुटते. खोबरेल थिजते म्हणून घरातले करडईचे तेल लावावे, असे सासूबाई सुचवतात. स्वयंपाकाच्या तेलाने खरोखर गुण येतो की नुसता तेलकटपणा उरतो, हे कोणी कारणासह सांगेल का?

इतवारीकर : सासूबाईंचा सल्ला चांगला आहे, कारण मात्र वेगळे आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते खरे, पण बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो प्रश्न मिटतो. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात साधारण ७० ते ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते, आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशींना सांधून ठेवणारी सिरॅमाइड नावाची जी स्निग्ध द्रव्ये असतात, त्यांपैकी काहींच्या घडणीत हेच आम्ल लागते. ओलिक आम्ल जास्त असलेले तेल, उदाहरणार्थ ऑलिव्हचे, याच थराची बांधणी सैल करू शकते. बाजारात ‘हाय ओलिक’ करडईचे तेलही मिळते, तेव्हा डब्यावर मोनो (ओलिक ज्यात मोडते ती स्निग्धाम्ले) जास्त आहे की पॉली (लिनोलिक ज्यात मोडते ती), एवढे पाहून घ्यावे.

तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी उडून जाऊ देत नाही. म्हणून कढत पाण्याची आंघोळ टाळावी आणि अंग टिपून ते ओलसर असतानाच तेल लावावे. भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

घाणीवरची ताई : लिनोलिक आम्ल जास्त असलेले तेल हवा आणि उष्णतेने लवकर खवट होते. लहान काळसर बाटलीत, गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावे, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर फ्रिजमध्येच. खवट वास आला की ते अंगाला लावू नये. (जवसाचे तेल याहूनही लवकर बिघडते.)

सक्करदरा ४० : करडई ही सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातली. मला गाजरगवताचा त्रास आहे, आणि तेही त्याच कुळातले असल्यामुळे मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहिली. काही झाले नाही, तरी ही काळजी घ्यावी असे मला वाटते.

वैदर्भी, महाल : सर्वांचे आभार. डबा पाहिला, तर आमचे तेल नेमके हाय ओलिक निघाले. ते आता फोडणीलाच राहील. अंगासाठी सासूबाईंनी इतवारीतून नेहमीच्या वाणाच्या तेलाची लहान बाटली मागवली आहे.